आमची अकरा कार्डं : मराठी मंडळाच्या कार्यकारिणीला खुलं पत्र

कार्यकारिणीतील सर्व सदस्यांस,

सप्रेम नमस्कार.

हे पत्र आधी तुम्हाला ईमेलने पाठवलं होतं. 'मिळालं, सभेत ठेवतो' एवढं उत्तर आलं. सभा झाली, इतिवृत्त आलं, त्यात पार्किंगच्या पासांवर दीड पान आहे आणि माझ्या पत्राबद्दल एक ओळही नाही. म्हणून आता सगळ्यांसमोर लिहिते आहे. राग नाही असं म्हटलं तर खोटं होईल, पण तोंड सांभाळून लिहीन. तुमच्यातल्या निम्म्याजणांच्या घरी मी गणपतीत मोदक वळले आहेत आणि पुढेही वळायचे आहेत.

बाहेरच्या वाचकांसाठी प्रकरण थोडक्यात असं. येत्या ४ जुलैला अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याला २५० वर्षं होतील. न्यू जर्सीतल्या आमच्या मंडळाने त्यानिमित्त स्मरणिका काढायची आणि हॉलबाहेरच्या पॅसेजमध्ये मुलांचं प्रदर्शन मांडायचं ठरवलं. रविवारच्या मराठी शाळेतला मोठा वर्ग माझ्याकडे असतो, त्यामुळे काम माझ्याकडे आलं : 'अमेरिकेच्या इतिहासातले शब्द आणि माणसं', एकूण चोवीस कार्डं, सगळी मराठीत. जानेवारीत तुम्ही यादी मंजूर केलीत. मार्चमध्ये कळवलंत की त्यातली अकरा लावायची नाहीत, आणि उरलेल्यांपैकी दोन कार्डांची भाषा 'सौम्य' करून द्यायची. कारण चार शब्दांचं : 'विषय वादग्रस्त, प्रसंग आनंदाचा.'

जाहीरनामा राहिला. लिंकन, चंद्रावरचं पाऊल, मार्टिन ल्यूथर किंग राहिले. ते राहायलाच हवेत, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. गेलेल्या अकरांत पहिलं कार्ड 'साम्राज्यवाद' याच शब्दाचं होतं. त्याच्यामागोमाग हवाईची राणी लिलिउओकलानी गेली, फिलिपिन्सचं युद्ध गेलं, त्या युद्धातला फिलिपिनो पुढारी अगिनाल्दो गेला, बालांगिगाच्या घंटा गेल्या, मन्रोचं धोरण (युरोपने अमेरिका खंडांत ढवळाढवळ करू नये) आणि त्याला थिओडोर रूझवेल्टने जोडलेलं शेपूट (अमेरिकेने मात्र करावी) गेलं, क्युबाची प्लॅट दुरुस्ती, 'इन्सुलर केसेस', जनरल बटलर. आणि सर्वांत नवल म्हणजे साम्राज्यवादविरोधी लीग आणि मार्क ट्वेन हीसुद्धा गेली.

प्रसंग आनंदाचा आहे म्हणता, तर त्या तारखेपासूनच सुरुवात करू. ४ जुलै १८९४ रोजी होनोलुलूत सॅनफर्ड डोल यांनी 'हवाईचं प्रजासत्ताक' जाहीर केलं. राणीला गादीवरून खाली ओढल्याला तेव्हा दीड वर्ष झालं होतं. ४ जुलै १९०२ रोजी अध्यक्ष रूझवेल्ट यांनी फिलिपिन्समधलं युद्ध संपल्याचं जाहीर केलं. दक्षिणेतल्या मोरो या मुसलमान लोकांच्या मुलखात ते पुढे कितीतरी वर्षं चालूच राहिलं. आणि ४ जुलै १९४६ रोजी फिलिपिन्सला स्वातंत्र्य दिलं. दिवस निवडून दिलं, आपल्याच वाढदिवसाचा. फिलिपिनो लोकांनी सोळा वर्षांनी, १९६२ साली, आपला स्वातंत्र्यदिन हलवून १२ जूनला नेला. १८९८ साली त्यांनी स्वतः स्वातंत्र्य जाहीर केलं होतं ती तारीख. या तिन्ही गोष्टी ४ जुलैच्याच आहेत. मी कुठून ओढून आणलेल्या नाहीत.

आता तक्रारी. क्रम माझ्या मनातला आहे, महत्त्वाचा समजू नका.

तुम्ही 'सौम्य' करायला सांगितलेलं पहिलं कार्ड हवाईचं. वर्गाने लिहिलं होतं, 'हवाई खालसा केलं.' तुम्ही सुचवलंत, 'हवाई अमेरिकेत विलीन झालं.' मी या एका शब्दावर अडून बसले, म्हणून काहीजणांनी मला हट्टी म्हटलं. पण 'खालसा' हा शब्द आम्ही शोधून काढलेला नाही. सातारा, नागपूर, झाशी यांचं काय झालं हे सांगायला मराठीने तो केव्हाच घडवून ठेवला आहे. डलहौसीने १८४८ साली सातारचं राज्य 'विलीन' केलं असं आपल्यापैकी कुणी शाळेत लिहिलं असतं, तर बाईंनी लाल शाईने काट मारली असती. विलीन नदी होते, किंवा माणूस अनंतात होतो. राज्य कुणीतरी घेतं, तेव्हा घेणाऱ्याचं नाव वाक्यात यायला हवं.

हवाईत घेणारे कोण होते तेही कार्डावर होतं. जानेवारी १८९३ मध्ये राणीला राज्यघटना बदलून आपल्या लोकांचा अधिकार परत आणायचा होता. बेटांवरच्या ऊसमळ्यांशी, जमिनींशी आणि व्यापाराशी हितसंबंध बांधलेले गोरे पुढारी तिच्याविरुद्ध उठले. अमेरिकेचे तिथले वकील, म्हणजे राजदूत, जॉन स्टीव्हन्स यांनी बंदरातल्या 'बॉस्टन' या युद्धनौकेवरून दीडशेहून जास्त खलाशी आणि सैनिक किनाऱ्यावर उतरवले. राणीने दुसऱ्या दिवशी सत्ता सोडली ती लेखी निषेध नोंदवून, आणि बंडवाल्यांकडे नव्हे. अमेरिकेच्या बळापुढे सोडते, ते सरकार चौकशी करून मला न्याय देईल तोवर, असं तिने लिहून ठेवलं. अध्यक्ष क्लीव्हलंड यांनी चौकशी केलीसुद्धा, आणि आपल्याच वकिलाला दोषी धरलं. उपयोग झाला नाही. १८९५ साली तिला इओलानी राजवाड्यातल्या वरच्या मजल्यावरच्या एका खोलीत कोंडलं. तिथे तिने गोधडी शिवली. रेशमाचे, मखमलीचे वेडेवाकडे तुकडे, त्यांवर भरतकामाने नावं, तारखा, झेंडे, कैदेची हकीकत. ती आजही त्याच राजवाड्यात काचेखाली आहे. आमच्या वर्गातल्या दोघी मुलींनी कार्डावर चित्र न काढता आजीच्या जुन्या नऊवारीच्या काठाचे तुकडे चिकटवले होते. ते कार्ड माझ्याकडे परत आलं तेव्हा त्याचा एक कोपरा सुटलेला होता.

१८९७ साली खालसा करण्याविरुद्ध एकवीस हजारांहून अधिक हवाईयन लोकांनी अर्जावर सह्या केल्या. मूळ हवाईयन लोक तेव्हा जेमतेम चाळीस हजार होते. सिनेटमध्ये तह मंजूर होईना, म्हणून १८९८ च्या जुलैत नुसत्या ठरावाने काम उरकलं. १९९३ साली अमेरिकेच्या काँग्रेसने याबद्दल माफी मागितली आणि अध्यक्ष क्लिंटन यांनी त्यावर सही केली. म्हणजे ज्यांनी केलं त्यांनी कबूल केलं. आमच्या मंडळाला मात्र ते अजून वादग्रस्त वाटतं.

दुसरं 'सौम्य' कार्ड मेक्सिकोचं. १८४६ ते ४८ चं युद्ध, ग्वादालुपे हिदाल्गोचा तह, मेक्सिकोचा निम्म्याच्या आसपास मुलूख गेला, बदल्यात दीड कोटी डॉलर. तुमची दुरुस्ती : 'अमेरिकेचा पश्चिमेकडे विस्तार.' याबद्दल फार लिहीत नाही. एवढंच सांगते की जे लिंकन तुम्ही भिंतीवर ठेवले आहेत, ते १८४७ च्या डिसेंबरात नवखे काँग्रेस सदस्य म्हणून उभे राहिले आणि अध्यक्ष पोक यांना विचारलं : आमच्या भूमीवर रक्त सांडलं म्हणता, ती जागा नेमकी कुठली ते दाखवा. त्यांना त्याबद्दल देशप्रेमाचे धडे ऐकावे लागले. लिंकनचं चित्र ठेवून लिंकनचा प्रश्न काढायचा, हे मला जमणार नाही.

फिलिपिन्सबद्दल मला जास्त बोलायचं आहे, कारण तिथे माझा जीव अडकला आहे.

मी हॉस्पिटलच्या लॅबमध्ये रात्रपाळी करते. आमच्या मजल्यावरच्या नर्सेसमध्ये फिलिपिनो किती आहेत हे तुमच्यापैकी जे डॉक्टर आहेत त्यांना सांगायला नको. त्यांतल्या एकीची आणि माझी अकरा वर्षांची मैत्री आहे. पहाटे तीनला मी डब्यातून थालीपीठ काढते, ती भात आणि व्हिनेगरमध्ये शिजवलेलं कोंबडीचं अडोबो. ती समारची, म्हणजे ज्या बेटावर बालांगिगा गाव आहे तिथली. मी मुलांसाठी कार्डं करते आहे म्हटल्यावर तिने विचारलं, "घंटा घेणार ना?" तोवर मला घंटांचं काही माहीत नव्हतं. एवढी वर्षं या देशात, हातात नागरिकत्वाचा कागद, आणि मला माहीत नव्हतं.

१८९८ साली अमेरिकेने स्पेनशी युद्ध केलं. पॅरिसच्या तहात स्पेनने प्युर्टो रिको आणि ग्वाम सोडून दिले, आणि फिलिपिन्स दोन कोटी डॉलर घेऊन दिलं. फिलिपिनो लोकांनी सहाच महिन्यांपूर्वी स्वातंत्र्य जाहीर केलं होतं. त्यांचे प्रतिनिधी फेलिपे अगोन्सिल्यो पॅरिसला गेले, पण त्यांना तहाच्या बैठकीत घेतलं नाही. विकणारा खोलीत, घेणारा खोलीत, घरमालक दाराबाहेर. अध्यक्ष मॅकिन्ली यांनी २१ डिसेंबरला आपल्या धोरणाला नाव दिलं 'बेनेव्होलंट असिमिलेशन', परोपकारी सामीलीकरण म्हणा हवं तर. दीड महिन्यात, ४ फेब्रुवारी १८९९ च्या रात्री, मनिलाजवळ पहिली गोळी सुटली. त्यानंतर दोनच दिवसांनी सिनेटने तह मंजूर केला, लागत होती त्यापेक्षा एकच मत जास्त पडून. आपल्या मुंबईत, जे. जे. च्या आवारात जन्मलेल्या किपलिंगची 'गोऱ्या माणसाचं ओझं' ही कविता त्याच महिन्यातली, आणि ती लिहिली आहे अमेरिकनांना उद्देशून, फिलिपिन्सबद्दल. आपल्याला शाळेत वाटायचं की ते ओझं म्हणजे आपण. आपणही होतोच म्हणा.

त्या युद्धाचे अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याच्या इतिहासकारांनी दिलेले आकडे असे : चार हजार दोनशेहून अधिक अमेरिकन सैनिक मेले, वीस हजारांहून अधिक फिलिपिनो लढवय्ये मेले, आणि हिंसाचार, दुष्काळ, रोगराई यांत दोन लाखांपर्यंत साधी माणसं. तीन वर्षांत.

बालांगिगात २८ सप्टेंबर १९०१ च्या सकाळी गावकऱ्यांनी तिथल्या अमेरिकन तळावर कोयत्यांनी हल्ला केला आणि चाळीसहून अधिक सैनिक मारले. मुलांच्या कार्डावर हे लपवलेलं नाही. त्यानंतर जनरल जेकब स्मिथ यांनी समार बेट ओसाड करून टाकण्याचा हुकूम दिला, आणि किती वयावरच्यांना मारायचं असं हाताखालच्या अधिकाऱ्याने विचारलं तेव्हा दहा वर्षं असं सांगितलं. कोर्ट मार्शल झालं, शिक्षा म्हणाल तर ताकीद आणि सक्तीची निवृत्ती. चर्चच्या तीन घंटा सैन्याने विजयचिन्ह म्हणून उचलून नेल्या. दोन वायोमिंगमध्ये, एक पलटणीबरोबर फिरत शेवटी दक्षिण कोरियात. त्या परत गेल्या डिसेंबर २०१८ मध्ये. एकशे सतरा वर्षांनी. माझ्या मैत्रिणीने मला फोनवर तो व्हिडिओ दाखवला, घंटा वाजत होती आणि ती काहीच बोलत नव्हती. सॅम्पलचं मशीन बीप करायला लागलं म्हणून मी उठले.

त्या घंटांचं कार्ड तुम्ही 'मुलांना झेपणार नाही' म्हणून काढलंत. मुलं अकरा ते चौदा वयाची आहेत आणि अफझलखानाचा कोथळा त्यांनी सहाव्या वर्षापासून ऐकला आहे. तरीही झेपण्याचा मुद्दा मी हलका मानत नाही. अमेरिकन सैनिक फिलिपिनो कैद्यांच्या तोंडात पाणी ओतून कबुल्या काढत, त्या 'वॉटर क्युअर'चं एक कार्ड मीच आधी केलं होतं आणि मीच मागे घेतलं. १९०२ साली सिनेटच्या समितीपुढे त्याच्या साक्षी झाल्या आहेत, प्रश्न खरं-खोट्याचा नव्हता. अकराव्या वर्षी ते चित्र डोक्यात राहू नये, म्हणून काढलं. असा विचार तुम्ही एकेका कार्डाबद्दल माझ्याबरोबर बसून केला असता, तर हे पत्र लिहावं लागलं नसतं.

तिसरी तक्रार त्या वाक्याची, जे कुणीतरी ग्रुपवर लिहिलं आणि ज्याला सतरा अंगठे मिळाले : 'आपण इथे पाहुणे आहोत, यजमानाची उणीदुणी काढू नयेत.' मी पाहुणी नाही. मी टॅक्स भरते, ज्युरी ड्युटीला जाते, मत देते. नागरिकत्वाच्या परीक्षेसाठी शंभर प्रश्न पाठ केले तेव्हा त्यातला एक होता : अमेरिकेच्या एका टेरिटरीचं नाव सांगा. मी 'प्युर्टो रिको' पाठ केलं होतं. तुमच्यातल्या अनेकांनी तेच केलं असेल. सरकारने स्वतः विचारलं. टेरिटरी म्हणजे काय, राज्य का नाही, हा पुढचा प्रश्न मात्र कुणी विचारत नाही, तो आमच्या वर्गाने विचारला. त्याचं उत्तर संत्र्यांच्या पेट्यांत आहे. प्युर्टो रिकोहून न्यूयॉर्क बंदरात आलेल्या संत्र्यांवर सरकारने साडेसहाशेहून अधिक डॉलर जकात घेतली. व्यापारी कोर्टात गेला : बेट आपलं, मग जकात कसली? १९०१ साली सुप्रीम कोर्टाने पाच विरुद्ध चार मतांनी जकात उचलून धरली. ते बेट अमेरिकेच्या मालकीचं आहे, पण अमेरिकेचा भाग नाही. न्यायमूर्ती व्हाइट यांचे शब्द असे आहेत की ते घरगुती अर्थाने परकं आहे. अशा निकालांची माळ म्हणजे 'इन्सुलर केसेस', आणि ती अजून कुणी पुसलेली नाही. प्युर्टो रिकोत राहणारे लोक १९१७ पासून अमेरिकेचे नागरिक आहेत, सैन्यात जातात, पण तिथे राहून अध्यक्षासाठी मत देऊ शकत नाहीत. हे कार्ड करणाऱ्या मुलाचे वडील नागपूरचे; त्यांनी संत्र्याला पान असलंच पाहिजे म्हणून चित्र दोनदा काढायला लावलं. तेही कार्ड आता माझ्या गॅरेजमध्ये आहे.

आणि पाहुण्यांचं म्हणाल, तर आपल्याला घरात घेणारा कायदा कुठला हे तरी बघा. १९२३ साली भगतसिंग थिंद यांच्या खटल्यात सुप्रीम कोर्टाने ठरवलं की भारतीय माणूस गोरा नाही, म्हणून नागरिक होऊ शकत नाही. (त्यांचे वकील होते सखाराम गणेश पंडित. निकालानंतर सरकार त्यांचंही नागरिकत्व काढून घ्यायला निघालं, ते भांडले आणि जिंकले.) ते दार उघडलं २ जुलै १९४६ च्या ल्यूस-सेलर कायद्याने. भारतीयांना वर्षाला शंभर जणांचा कोटा आणि नागरिक होण्याचा हक्क. त्याच कायद्यात, त्याच सहीखाली, तेवढाच कोटा आणि तोच हक्क आणखी कुणाला मिळाला? फिलिपिनो लोकांना. आपली आणि त्यांची नावं एकाच कागदावर आहेत. जर्सी सिटीत न्यूअर्क ॲव्हेन्यूवर आपला इंडिया स्क्वेअर आहे, त्याच शहरात मनिला ॲव्हेन्यू आहे. आपण भाजी घ्यायला जातो, ते पाहत नाही.

'सगळेच देश असं करतात' असंही एकजण म्हणाले. मान्य. बंगालमध्ये आया अजून बाळाला निजवताना 'बर्गी आले' म्हणतात, आणि ते बर्गी म्हणजे नागपूरकर भोसल्यांचे घोडेस्वार. उद्या कोलकात्याच्या मुलांनी त्याचं कार्ड केलं तर मी त्यांना 'सौम्य' करायला सांगणार नाही. ईस्ट इंडिया कंपनीला लुटारू म्हणताना आपला आवाज चढतो, आणि मध्य अमेरिकेत केळीचे मळे असलेल्या अमेरिकन युनायटेड फ्रूट कंपनीचं नाव आलं की घसा बसतो, हे मला खटकतं.

क्युबाचं कार्ड गेलं याचं वेगळं वाईट वाटतं, कारण ते मुलांना सगळ्यांत लवकर कळलं होतं, आणि ते आपल्या इतिहासामुळे. १९०१ च्या प्लॅट दुरुस्तीने क्युबाला स्वातंत्र्य मिळालं ते अटींवर : परक्यांशी तह करताना मर्यादा, कर्जावर मर्यादा, अमेरिकेला वाटेल तेव्हा हस्तक्षेपाचा हक्क, आणि नाविक तळांना जागा. मी फळ्यावर एवढंच लिहिलं, 'तैनाती फौज'. वसईचा तह, १८०२, दुसरा बाजीराव त्यांना आधीच माहीत होता. राज्य तुमचं, फौज आमची. ती दुरुस्ती १९३४ साली रद्द झाली, ग्वांतानामोचा तळ राहिला. त्याचं वर्षाचं भाडं चार हजार पंच्याऐंशी डॉलर, अमेरिका चेक पाठवते, क्युबाचं सरकार तो वटवत नाही. न्यू जर्सीत एवढ्यात दोन बेडरूमचं घर किती महिने मिळतं ते तुम्हीच सांगा.

आता लीग आणि मार्क ट्वेन. बाकीचं सोडा, यांना का काढलंत हे मला खरोखर कळलेलं नाही. १८९८ साली बॉस्टनमध्ये अमेरिकन लोकांनीच साम्राज्यवादविरोधी लीग काढली. त्यात पोलादवाले अँड्र्यू कार्नेगी होते, समाजसेविका जेन ॲडम्स होत्या, माजी अध्यक्ष क्लीव्हलंड होते. लेखक ट्वेन १९०१ पासून मरेपर्यंत लीगचे उपाध्यक्ष. पुढे लीगचे अध्यक्ष झालेले वकील मूरफील्ड स्टोरी हेच कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी निघालेल्या एनएएसीपीचेही पहिले अध्यक्ष. लीगमधले सगळे काही संत नव्हते. गोरे नसलेले लोक आपल्यात नकोत, एवढ्याच पोटदुखीने काहीजण वसाहतींविरुद्ध होते, आणि मुलांनी तेही एका ओळीत लिहिलं आहे. जनरल स्मेडली बटलर तर शेजारच्या पेन्सिल्व्हेनियाचे. मरीन दलात तेहेतीस वर्षं, शौर्याचं सर्वोच्च पदक दोनदा, आणि निवृत्तीनंतर जाहीर सांगितलं की हैती, निकाराग्वा, होंडुरासमध्ये मी बड्या धंदेवाल्यांचा पाळलेला गुंड म्हणून काम केलं. या माणसांना अमेरिकाविरोधी म्हणायचं असेल तर अमेरिकेत कोण उरतं?

स्मरणिकेच्या पहिल्या पानावर तुम्ही जोतीराव फुल्यांची 'गुलामगिरी'ची अर्पणपत्रिका छापणार आहात. १८७३ साली पुण्यातून एका माणसाने अमेरिकेतल्या भल्या लोकांना पुस्तक अर्पण केलं, हे वाचताना माझ्याही अंगावर काटा येतो. पण त्यांनी ते अमेरिकेच्या आरमाराला किंवा डॉलरला अर्पण केलेलं नाही. गुलामांच्या मुक्तीसाठी ज्यांनी स्वतःच्या देशाशी, स्वतःच्या भाऊबंदांशी झगडा घेतला, त्यांना केलं. ट्वेन, स्टोरी त्याच भल्या लोकांच्या पुढच्या रांगेतले. फुले पहिल्या पानावर आणि हे गॅरेजमध्ये, हे तुम्हीच एकदा जवळजवळ ठेवून बघा.

एक गोष्ट तुमच्या बाजूने. तुम्ही घाबरला आहात, हे मला दिसतं. दोन सदस्यांनी मला फोनवर तसं स्पष्ट सांगितलं : कुणाचा एच-वन आहे, कुणाचं ग्रीन कार्ड वर्षानुवर्षं रांगेत, एक प्रायोजक कुरकुरतो आहे, कुणी फोटो काढून भलतीकडे टाकला तर? या भीतीला मी हसणार नाही, मी स्वतः नऊ वर्षं रांगेत काढली आहेत. मग तेच सांगा ना. 'सध्या आम्हाला भीती वाटते' असं म्हटलं असतंत, तर मी एकटीचं नाव घालून कार्डं लावली असती, मुलांची नावं खाली घेतली असती, काहीतरी वाट काढली असती. 'वादग्रस्त' आणि 'सौम्य' हे शब्द वापरून तुम्ही भीती इतिहासावर ढकललीत.

शेवटची तक्रार लहान, पण सगळ्यांत जास्त लागलेली. मुलांना कुणी सांगितलं नाही. ते काम माझ्यावर पडलं. बारा मुलं, तीन महिन्यांचे रविवार, माझ्या डायनिंग टेबलावर अजून फेविकॉलचे डाग आहेत. मी त्यांना कारण काय सांगू हे विचारायला ईमेल केला, त्याचंही उत्तर नाही.

माझ्या मागण्या अशा.

अकराच्या अकरा कार्डं प्रदर्शनात लागावीत. एखाद्या कार्डात चूक दाखवलीत तर मी त्याच दिवशी सुधारून देईन. नुसतं 'नको' ऐकणार नाही.

हवाईच्या कार्डावर 'खालसा' आणि मेक्सिकोच्या कार्डावर 'मुलूख घेतला' हे शब्द मुलांनी लिहिले तसे राहावेत.

लावायचीच नसतील, तर कारण लेखी द्यावं, कार्यकारिणीतल्या नावांसह, आणि ते स्मरणिकेत छापावं. मग उरलेल्या तेरा कार्डांवर मराठी शाळेचं नाव घालू नये.

निर्णय काहीही होवो, तो मुलांना तुमच्यापैकी कुणीतरी वर्गात येऊन सांगावा. रविवारी दहा ते बारा, बूट बाहेर काढायचे.

आणि कार्डं लागली तर आमच्या हॉस्पिटलमधल्या पाच-सहा फिलिपिनो नर्सेसना कार्यक्रमाचं आमंत्रण द्यावं. त्या दिवशी त्यांची पाळी असेल, संध्याकाळी सहानंतर येतील. तिकिटांचे पैसे मी भरीन.

छापखान्याला फाइल १२ जूनपर्यंत लागते. कार्डं गॅरेजमध्ये डाव्या फळीवर, तांदळाच्या पोत्याच्या वर ठेवली आहेत, ओल लागू नये म्हणून प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून. कुणाला बघायला यायचं असेल तर सकाळी नऊनंतर या, त्याआधी मी रात्रपाळी संपवून नुकतीच झोपलेली असते. गॅरेजचा कोड खजिनदारांकडे आहे.

आपली,
मराठी शाळेच्या मोठ्या वर्गाची शिक्षिका